बनगरवाडी : माळावरच्या कादंबरीचा चित्रपट

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट 1995 मध्ये आला. मधल्या चाळीस वर्षांत कादंबरीच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि राम देशमुख यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1958 मध्ये ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने परप्रांतांत व परदेशांत पोचला. चित्रपटाची निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांनी मिळून केली, पटकथा खुद्द माडगूळकरांनी लिहिली आणि 1995 सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

अमेरिकेत ‘वेस्टर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथांचे आणि चित्रपटांचे एक मोठे घराणे आहे. उघडा मुलूख, विरळ वस्ती, जनावरांवर चालणारी गुजराण, हाताच्या अंतरावर नसलेले सरकार आणि बाहेरून आलेला एकटा माणूस, ही त्याची ठरलेली सामग्री. मराठी साहित्यात या सामग्रीच्या सर्वांत जवळ जाणारी कादंबरी कोणती, असा शोध घेतला तर बोट ‘बनगरवाडी’वर येते. तिथे घोडेस्वार नाहीत, पिस्तुले तर नाहीतच. पण माळ आहे, मेंढरे आहेत, रामोशी आहेत आणि पाटीपुस्तक घेऊन आलेला एक परका तरुण आहे. अशी कादंबरी पडद्यावर आणताना काय काय जमवावे लागते, ते या चित्रपटाच्या उदाहरणावरून नीट समजते.

मुलूख

सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सांध्यावर माण नदीच्या आजूबाजूचा जो प्रदेश पसरला आहे, तो माणदेश. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि तेथून थोड्याच अंतरावर पूर्वेला माणदेशची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. जमीन मुरमाड, झाडी तुरळक. बाभळ, बोर आणि कुसळी गवत हीच तिथली वनश्री. शेतीवर पोट भरत नाही, म्हणून धनगर समाजाचे जगणे मेंढरांवर चालत आले. लोकर कातायची, घोंगडी विणायची, पाऊस दडी मारू लागला की कळप घेऊन मुलूख सोडायचा, आणि बरे दिवस आले की परत यायचे, हा येथील वहिवाटीचा क्रम.

आटपाडी आणि आजूबाजूची गावे स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात मोडत. संस्थान लहान, 72 गावांचे. पण त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव दूरवर पोचलेले होते. ते स्वतः चित्रकार होते, औंधचे कलासंग्रहालय त्यांनीच उभे केले, सूर्यनमस्काराचा त्यांनी ध्यास घेतला होता आणि 1939 मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींशिवाय ठेवण्याचा प्रयोगही याच संस्थानात झाला. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये तिचा चित्रपट केला. ग. दि. माडगूळकर हे व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू. औंध संस्थानच्या या कोरड्या कोपऱ्याने अशा प्रकारे दोन भावांना दोन चित्रपटांची सामग्री पुरवली.

कादंबरी

व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म 1927 चा, माडगूळ गावचा. तरुणपणी त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, 1942 च्या चळवळीत उडी घेतली आणि पुढे लेखणीवर पोट भरू लागले. ‘माणदेशी माणसं’ या 1949 च्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकाने त्यांचे नाव झाले. ‘बनगरवाडी’ त्यानंतर सहा वर्षांनी आली.

कथा सांगायला सोपी आहे. राजाराम नावाचा तरुण औंध संस्थानात नव्याने शिक्षक होतो आणि त्याची नेमणूक बनगरवाडी या धनगरांच्या वस्तीवर होते. तो पोचतो तेव्हा शाळा नावालाच असते. पोरे मेंढरांमागे रानात, वस्ती सुनी. गावाचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. कारभाऱ्याचा शब्द गावात चालतो, म्हणून पोरे शाळेत येऊ लागतात. हळूहळू मास्तर पत्रे लिहून देतो, अर्ज खरडतो, भांडणात मध्यस्थी करतो आणि वाडीचाच होऊन जातो. त्याच्या खटपटीने गावकरी अंगमेहनतीने तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा वाडीवर येतो. वाडीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा दिवस. पण पुढे पाऊस फिरकत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे चंबूगबाळे उचलून निघतात, शाळा ओस पडते आणि मास्तराची बदली होते.

कादंबरीचे बळ या सांगाड्यापेक्षा त्यावर चढलेल्या माणसांत आहे. आनंदा रामोशी लहानसहान चोऱ्यांवर जगतो, सगळ्या गावाला ते ठाऊक असते आणि तरीही तो गावाचाच असतो. दादू बालट्या मास्तराच्या प्रत्येक कामात खोडा घालतो. शेकूजवळ एकच बैल असतो, दुसरा कोणी देत नाही, तेव्हा त्याची बायको जू आपल्या खांद्यावर घेते आणि बैलाच्या जोडीने चालू लागते. कारभाऱ्याची लेक अंजी मास्तराला शहरातून चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर ती सरळ मनाने आणून देतो आणि एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष शिरते. जो म्हातारा मास्तराचा आधार, तोच त्याच्याशी बोलेनासा होतो. लहान वस्तीत विश्वास कसा तयार होतो आणि कसा तडकतो, ते या चोळीच्या प्रसंगात दिसते. माडगूळकर त्यावर भाष्य करत नाहीत. ते घटना मांडतात आणि पुढे जातात.

‘शेन’ आणि ‘बनगरवाडी’

जॅक शेफर यांची ‘शेन’ ही 1949 ची कादंबरी आणि जॉर्ज स्टीव्हन्स यांनी 1953 मध्ये तिच्यावर केलेला चित्रपट ही वेस्टर्न घराण्यातील नमुनेदार जोडी मानली जाते. वायोमिंगच्या खोऱ्यात छोटे शेतकरी आणि गुरांचे मोठे मालक यांच्यात जमिनीवरून तंटा चालू असतो. कुठूनसा आलेला शेन नावाचा माणूस एका शेतकरी कुटुंबात राहतो, त्यांच्या बाजूने उभा राहतो, बंदुकीने निकाल लावतो आणि निघून जातो.

दोन्ही कथांचा कणा सारखा आहे : परका येतो, वस्तीत रुजतो, काही बदल घडवतो आणि जातो. वेगळेपण शत्रूत आहे. ‘शेन’मध्ये शत्रूला नाव आहे, चेहरा आहे, त्याच्यावर गोळी झाडता येते. बनगरवाडीवर घाला घालतो तो दुष्काळ, आणि त्याच्याशी दोन हात कसे करायचे हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे वेस्टर्नमध्ये शेवटी जो धडाका येतो, तो येथे येऊच शकत नाही. शेन जातो तेव्हा मागे वसलेली वस्ती राहते, मास्तर जातो तेव्हा वस्तीच उठलेली असते. दिग्दर्शकापुढे हा पेच मोठा होता. प्रेक्षकाला दोन तास बसवून ठेवायचे, पण चढत्या संघर्षाची आणि निर्णायक प्रसंगाची ठरलेली वाट मात्र उपलब्ध नाही.

दिग्दर्शक आणि निर्मिती

अमोल पालेकर हे मुळात चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. नंतर प्रायोगिक रंगभूमी, मग ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘गोलमाल’ अशा हिंदी चित्रपटांतील अभिनय आणि 1981 च्या ‘आक्रीत’पासून दिग्दर्शन, असा त्यांचा प्रवास आहे.

‘बनगरवाडी’च्या आधी, 1990 मध्ये, त्यांनी ‘थोडासा रूमानी हो जाएँ’ हा हिंदी चित्रपट केला होता. तो एन. रिचर्ड नॅश यांच्या ‘द रेनमेकर’ या नाटकावर आधारलेला आहे. मूळ नाटक अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या दुष्काळी मुलखात घडते : पाऊस पाडून देतो म्हणणारा एक भटक्या गावात येतो आणि एका घराचे आयुष्य हलवून जातो. 1956 मध्ये त्यावर बर्ट लँकेस्टर आणि कॅथरिन हेपबर्न यांचा चित्रपटही झाला. कोरडा मुलूख, अडलेला पाऊस आणि बाहेरून आलेला माणूस, हे तिन्ही धागे पालेकरांनी अमेरिकी पश्चिमेकडून एकदा हाताळलेले होते. ‘थोडासा रूमानी’मध्ये त्यांची मांडणी काव्यमय आणि गाण्यांनी भरलेली आहे. ‘बनगरवाडी’त त्यांना नेमके उलटे, उघडेवाघडे वास्तव हवे होते.

असा चित्रपट व्यापारी निर्मात्याच्या हिशेबात बसण्याजोगा नव्हता. 1990 च्या दशकाच्या मध्याला मराठी चित्रपट विनोदी आणि कौटुंबिक साच्यांत अडकलेला होता. धनगरवाड्यावरच्या, नायक-नायिकेची प्रेमकथा नसलेल्या आणि शेवटी गाव उजाड होणाऱ्या चित्रपटाला थिएटरवाले उत्साहाने दारे उघडतील, अशी आशा नव्हती. या परिस्थितीत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन या दोन सरकारी संस्थांची भागीदारी उपयोगी पडली. महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले आणि बाजाराच्या कलाने न जाणाऱ्या चित्रपटांना पैसा पुरवणे हे त्याचे एक काम होते. दूरदर्शनमुळे चित्रपट घराघरांत पोचण्याची सोय होती.

पटकथा

कादंबरीवर चित्रपट करताना मूळ लेखकच पटकथाकार असणे हे वरदान असते, तशी ती जोखीमही असते. आपल्या वाक्यांवरचा लोभ लेखकाला सुटत नाही. माडगूळकरांच्या बाबतीत ही भीती कमी होती, कारण चित्रपटाचे तंत्र त्यांना नवे नव्हते. 1950 च्या दशकात त्यांनी मराठी चित्रपटांसाठी लेखन केले होते. अनंत माने यांच्या 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या अफाट चाललेल्या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. पुढे पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळताना बोलीभाषेतले संवाद कानाला कसे लागतात, याचाही त्यांनी वर्षानुवर्षे अंदाज घेतला होता.

मुख्य अडचण ‘मी’ची होती. कादंबरी मास्तराच्या तोंडून सांगितलेली आहे. वाचक वाडी पाहतो ती मास्तराच्या नजरेने, पण मास्तर कसा दिसतो हे त्याला कधीच पाहावे लागत नाही. पडद्यावर कॅमेरा लावला की पाहणारा स्वतःच दिसू लागतो. नुसता बघ्या राहिला तर तो पडद्यावर निर्जीव वाटतो आणि फार पुढे सरसावला तर गाव मागे पडते. ‘शेन’च्या निर्मात्यांपुढेही हाच प्रश्न होता. तिथे कादंबरीचा निवेदक शेतकऱ्याचा मुलगा आहे. चित्रपटात त्याचे नाव बॉबचे जोई झाले, निवेदन गेले आणि त्याचे मोठे डोळे निवेदकाचे काम करू लागले. ‘बनगरवाडी’त ही वाट नव्हती, कारण निवेदक स्वतःच परका पाहुणा आहे. म्हणून मास्तराच्या भूमिकेला ऐकून घेण्याचे, थबकण्याचे आणि चुकण्याचे काम मिळणे गरजेचे होते.

दुसरी अडचण भाषेची. कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद माणदेशी बोलीत. या दोन भाषांमधल्या ये-जा यातून कादंबरीचा ताल तयार होतो. चित्रपटात निवेदन बाजूला सरले की बोलीच सर्वत्र व्यापते आणि तिचे उच्चार चुकले तर झाकायला जागा उरत नाही. माडगूळकरांचे संवाद तोकडे असतात. धनगर माणूस एका दमात चार शब्द बोलतो आणि गप्प बसतो. ती गप्प बसण्याची जागा नटाला सांभाळावी लागते.

तिसरी अडचण काळाची. कादंबरीतला काळ पाऊसपाण्यावर मोजला जातो. सुगी, जत्रा, कोरडा पावसाळा हेच तिचे कॅलेंडर. चित्रपटात तारखांच्या पाट्या न लावता हे कळायचे, तर ते चाऱ्यावरून, पाण्यावरून, मेंढरांच्या अंगावरून आणि माणसांच्या चालण्यावरूनच कळावे लागते.

नटसंच

मास्तराच्या भूमिकेत चंद्रकांत कुलकर्णी आहेत. औरंगाबादेहून मुंबईला आलेले हे नाट्यदिग्दर्शक त्या काळात मराठी रंगभूमीवर जोरात होते. नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाट्यत्रयी त्यांनी 1994 मध्ये एकत्रित रूपात रंगमंचावर आणली. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा ढासळता वाडा उभा करून झाल्यावर लगेच ते माणदेशातल्या उजाड होणाऱ्या वाडीत दिसले. प्रेक्षकांच्या मनात नट म्हणून त्यांची ठाशीव प्रतिमा नव्हती, हे मास्तराच्या परकेपणाला पोषकच ठरले.

कारभाऱ्याच्या भूमिकेसाठी पालेकरांनी निवड केली ती चंद्रकांत मांढरे यांची. 1913 मध्ये जन्मलेले आणि भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेले मांढरे हे मराठी बोलपटाच्या सुवर्णकाळाचे नायक. ‘छत्रपती शिवाजी’ या 1952 च्या चित्रपटात त्यांनी शिवाजी महाराज साकारले होते. ‘सांगत्ये ऐका’तही ते होते. ‘बनगरवाडी’च्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एके काळी तलवार आणि जिरेटोप मिरवलेला हा नट येथे मुंडासे, घोंगडी आणि काठी घेऊन येतो. कारभाऱ्याचा दरारा अंगबळाचा नसून वयाचा आणि शब्दाचा आहे. तो दाखवायला मांढऱ्यांना आवाज चढवावा लागला नाही.

अंजीच्या भूमिकेत अधिश्री अत्रे आहेत. नंदू माधव, उपेंद्र लिमये अशी रंगभूमीवरून आलेली तरुण मंडळीही या चित्रपटात आहेत. पुढे नंदू माधव ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दादासाहेब फाळके झाले आणि लिमयांना ‘जोगवा’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रस्थापित तारे टाळून असा संच उभा केल्यामुळे वाडीतला कोणताही चेहरा गर्दीतून वेगळा काढून दाखवावा लागला नाही.

कॅमेरा आणि संगीत

छायालेखन देबू देवधर यांचे. माळरान चित्रित करणे दिसते तितके सोपे नसते. ‘शेन’च्या मागे वायोमिंगच्या टेटन पर्वताची रांग आहे. छायालेखक लॉयल ग्रिग्ज यांनी लांब पल्ल्याची भिंगे लावून ती रांग माणसांच्या पाठीशी ओढून आणली आणि त्या कामाबद्दल त्यांना ऑस्कर मिळाले. माणदेशात पाठीशी धरायला असा पर्वत नाही. आहे ती सपाट जमीन, मोठे आभाळ आणि दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आणणारे ऊन. अशा जागी क्षितिजाची रेघ चौकटीत किती वर किंवा खाली ठेवायची, यावर दृश्याचा अर्थ ठरतो. रेघ खाली गेली की आभाळ माणसाला दडपते. वर आली की जमीन पुढ्यात येते, तिच्यावरची भेग आणि कुसळ दिसू लागते. मेंढरांचा कळप याच रिकाम्या जागेत हालचाल भरतो. भरला कळप आणि विरळ झालेला कळप एवढ्या दोन चित्रांवरून वाडीची दशा सांगता येते.

या चित्रपटाच्या पाठीशी चित्रकारांची रांग आहे. पालेकर चित्रकार, माडगूळकर हौसेने रेखाटने करणारे, मांढरे तर नावाजलेले निसर्गचित्रकार. कोल्हापूरचे राहते घर आणि चित्रसंग्रह त्यांनी संग्रहालयासाठी देऊन टाकला. ज्याच्या राज्यात कथा घडते तो राजाही चित्रकारच. माळाकडे केवळ पार्श्वभूमी म्हणून न पाहण्याची दृष्टी या मंडळींत मुळातच होती.

संगीत वनराज भाटिया यांचे. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेले भाटिया श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ या चित्रपटांमुळे परिचित होते, आणि ‘तमस’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. खेड्यातल्या कथेला लोकसंगीताचा बाजारू साज चढवण्याची सवय त्या काळी सर्रास होती. भाटियांची नेमणूक ही ती सवय टाळण्याची खूण होती.

चित्रपटाचे स्थान

मराठीत कादंबरीवरून आलेल्या चित्रपटांची परंपरा चांगली आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून ‘जैत रे जैत’, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ आणि शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून ‘उंबरठा’ केला. या रांगेत ‘बनगरवाडी’ वेगळी पडते, कारण तिच्यात एका माणसाची कहाणी नाही आणि एका प्रश्नाची मांडणीही नाही. वस्ती हेच तिचे पात्र आहे आणि त्या पात्राचा शेवट लेखकाने किंवा दिग्दर्शकाने गोड केलेला नाही.

कादंबरीशी अतिनिष्ठ राहिल्यामुळे चित्रपट काही ठिकाणी प्रसंगांची माळ वाटतो, हा आक्षेप खरा आहे. माडगूळकरांची लहान लहान प्रकरणे पुस्तकात एकामागून एक सहज वाचली जातात. पडद्यावर त्यांना बांधणारा धागा कधी कधी सैल पडतो. पण हा दोष पत्करून पालेकर आणि माडगूळकर यांनी जे राखले ते मोलाचे आहे. खलनायक उभा केला नाही, अंजी आणि मास्तर यांच्यात ओढूनताणून प्रेमकथा घातली नाही आणि पाऊस शेवटी पाडला नाही.

व्यंकटेश माडगूळकर 28 ऑगस्ट 2001 रोजी पुण्यात वारले. विदर्भातील वाचक त्यांना तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या जंगलात राहून लिहिलेल्या ‘नागझिरा’मुळे विशेष ओळखतात. ज्यांनी ते पुस्तक वाचले आहे, त्यांनी आधी ‘बनगरवाडी’ वाचावी आणि मग चित्रपट पाहावा. क्रम उलटा केला तर कादंबरीतला मास्तर पुन्हा कधीच बिनचेहऱ्याचा होत नाही.